बरा झालेला नमुना

मंगळवारी दिगंबर परुळेकर आपले एक मूत्रपिंड मुलीला, शर्वाणीला, देणार होते. शनिवारी सकाळी इस्पितळात डॉ. तेजल खोत यांनी त्यांचे बोट ‘कालवाचक’ या रक्ततपासणी यंत्राच्या चकतीवर टेकवले.

“तळव्यातून शिरणारा सूत्रकृमी झाला होता ना, सर?” तेजल एकेकाळी त्यांच्याच प्रयोगशाळेत शिकली होती.

“चाळीस वर्षांपूर्वी. भाताच्या तरव्यात, रोपांच्या चिखलात, अनवाणी उभा राहायचो. औषध घेतलं. प्रतिपिंडं मात्र राहिली.”

प्रतिपिंडे म्हणजे कृमीशी लढण्यासाठी रक्तात तयार होणारी प्रथिने. कृमी मेला तरी ती वर्षानुवर्षे राहू शकतात, आणि हा कृमीही शरीरातच वाढत दशकानुदशके लपून राहू शकतो. म्हणून जुन्या चाचणीला जिवंत कृमी आणि गेलेला कृमी यांतला फरक कळत नसे. कालवाचक त्यांची ठेवण बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्ताशी ताडून तो फरक सांगे. मूत्रपिंड टिकावे म्हणून शर्वाणीची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबायची होती. अशा शरीरात मूत्रपिंडाबरोबर एखादी अळी गेली तरी ती वाढून जीव घेऊ शकली असती.

पडद्यावर अक्षरे उमटली: जुना संसर्ग. साम्य नव्व्याण्णव टक्के.

“इतकं साम्य मी कधी पाहिलं नव्हतं!” तेजल हसली.

परुळेकरांनी चष्मा पुसून तळाचा संदर्भक्रमांक वाचला. पुन्हा वाचला.

“तेजल, हा नमुना... माझाच आहे बहुतेक.”

“म्हणजे?”

“हे यंत्र आमच्या प्रयोगशाळेत घडत होतं, तेव्हा चाचणी पडताळायला ठरलेलं रक्त लागायचं. मी माझंच द्यायचो. चिठ्ठीवर ‘बरा झालेला’ असं मीच लिहिलं. तपासलं नव्हतं गं. बरं वाटत होतं, म्हणून लिहिलं.”

तेजल खुर्चीत बसली. “म्हणजे यंत्रानं तुम्हाला तुमच्याशीच ताडलं. कृमी गेला की नाही, ते कळलंच नाही.”

“बाबा,” शेजारच्या पलंगावरून शर्वाणी म्हणाली, “माझ्या वाट्याच्या मूत्रपिंडात आधीच भाडेकरू ठेवलात की काय?”

तेजलने जुने अहवाल चाळले.

“शौचतपासणीत अळी दिसली नाही,” तेजल पुटपुटली, “पण ती रोज कुठे दिसते? पुन्हा औषध देऊ. सहा महिन्यांत प्रतिपिंडं निम्म्यावर आली, तर कृमी होता आणि मेला.”

“आणि नाही आली तर?” शर्वाणीने विचारले.

“तर तो नव्हताच,” परुळेकर म्हणाले. मग त्यांचा आवाज खाली गेला. “किंवा औषधानं मेला नाही.”

डायलिसिसची सुई घ्यायला शर्वाणीच्या हातावर आता एकच जागा उरली होती. ती जागा सहा महिने टिकेल, असे तेजलही म्हणाली नाही.

“म्हणजे थांबूनही आपण कदाचित इथंच,” शर्वाणी म्हणाली. “मग बाबा, मंगळवारचं काय करायचं?”