वेदनेची वर्गणी

या शोधातून डॉ. विश्राम रणपिसे यांच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी सांगितलेलं बरं. पुढे काही काळ लोकांनी त्यांना संत ठरवलं, आणि संतांचा स्वार्थ कुणी तपासत नाही. पुरस्कार त्यांना तीन मिळाले होते. तिन्हींच्या शाली कपाटात कसरीच्या स्वाधीन होत्या. संचालकपद त्यांनी नाकारलं होतं, कारण त्यात सह्या फार. त्यांना हवी होती एकच गोष्ट. तार्वा नावाच्या परक्या, डोंगराळ देशात आपल्या संघराज्याचं सैन्य सहा वर्षं लढत होतं. कशासाठी, ते आता सरकारलाही नीट आठवत नव्हतं. त्या सैन्याच्या रुग्णालयात त्यांची एकुलती मुलगी, कॅप्टन शर्वाणी, शल्यविशारद होती. सैन्य परत आलं की ती परत येणार होती. युद्ध संपावं असं रणपिसे यांना वाटत होतं ते तिच्यासाठी. त्यात मानवजातीचाही फायदा झाला असता तर त्यांची काही हरकत नव्हती.

अडचण अशी होती की युद्ध कुणालाच नको होतं, पण ते कुणाला बोचतही नव्हतं. लोकांना विचारलं तर ते "परत बोलवा हो त्या पोरांना" म्हणत आणि पुढचा घास घेत. हे बोचावं म्हणून रणपिसे यांनी सह्यनगरच्या मज्जासंदेश प्रयोगशाळेत वेदना वाटून देणारं यंत्र बनवलं.

ते बघायला परदेशातल्या युद्धाचा कारभार पाहणाऱ्या बाह्यमोहीम कार्यालयाचे सल्लागार तुंगारे आले. गोल चेहऱ्याचा, गोड बोलणारा माणूस. कुणालाही नाही म्हणायचं नाही, ही त्यांची कामाची रीत.

"सोप्या भाषेत सांगा, डॉक्टर," ते खुर्चीत टेकत म्हणाले. "मी वाणिज्य शाखेचा."

उत्तर डॉ. फिरोजा इनामदार यांनी दिलं. या प्रयोगशाळेतल्या गणितज्ञ, साताऱ्याकडच्या. वीस वर्षं रणपिसे यांच्या समोरच्या टेबलावर बसून त्यांच्या चुका काढत आलेल्या. "तुंगारेसाहेब, तुमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर पाणी गळत असेल तर भाडेकरू काय करतो?"

"सेक्रेटरीला फोन करतो."

"सेक्रेटरीने उचलला नाही तर?"

"पुन्हा करतो. मी तर करतोच करतो."

"जखमेचं तेच आहे. ती मेंदूकडे तक्रार करत राहते. मेंदूकडून 'ऐकलं' असं उत्तर गेलं की तिचा जोर उतरतो. आम्ही त्या उत्तराला पोचसंकेत म्हणतो. रणपिसे यांनी शोधलं ते एवढंच, की उत्तर त्याच माणसाच्या मेंदूने द्यायला हवं असं नाही. दुसऱ्या कुणी दिलं तरी जखमेचं समाधान होतं."

रणपिसे यांनी तळहातावर तांदळाच्या दाण्याएवढा मणी घेऊन दाखवला. "हा जवानाच्या मानेत बसतो. तक्रार उचलतो आणि वाटपयंत्राकडे पाठवतो. इथे ज्यांनी मनगटावर पट्टी बांधली असेल, त्यांच्यात यंत्र ती सारखी वाटतं. प्रत्येकाला आपल्या वाटणीचं दुखतं. जवानाला दुखत नाही."

"वा! म्हणजे वेदनाशामक औषधांचा खर्च..."

"द्यायचंच नाही ते. मणी चालू असताना औषध दिलं तर तक्रार उमटतच नाही. मग वाटणार काय?"

"हे फार चांगलं," तुंगारे म्हणाले. ते त्यांनी मनातल्या मनात दोनदा म्हटलं असावं.

पहिल्या खेपेला नऊ हजार स्वयंसेवक मिळाले. त्यांत शिक्षक होते, वकील होते, दोन नट होते, सभागृहाचे काही सदस्यही होते. पट्ट्या बांधल्यानंतर तार्वात पहिला सुरुंग फुटला तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील. एका शाळेत भूगोलाच्या बाईंच्या हातून खडू पडला. तापलेल्या तव्याला बोट चिकटावं तसं त्यांच्या पोटरीत झालं, आणि मुलांसमोर त्या मटकन खाली बसल्या. "काय झालं बाई?" मुलांनी विचारलं. "कुणाचा तरी पाय गेला," बाई म्हणाल्या.

दूरचित्रवाणीवर एक मंत्री मोहिमेचं यश सांगत होते. मुलाखत घेणारा निवेदक पट्टीवाला. तो मध्येच कळवळला, दंड धरला आणि म्हणाला, "थांबा साहेब. आत्ता कुणाला तरी लागलं."

मंत्र्यांचं पुढचं वाक्य कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

महिनाभरात वातावरण फिरलं. जेवताना, लग्नात, बसच्या रांगेत नऊ हजार माणसं अचानक ओठ चावत आणि शेजारच्यांना 'काय झालं' म्हणून विचारावं लागे. 'सैन्य परत आणा' असे फलक लागले. सभागृहात माघारीचा ठराव दाखल झाला, आणि तो मंजूर होणार हे विरोधकच नव्हे, सरकारमधले लोकही खासगीत सांगू लागले. शर्वाणीचा फोन आला. तिला महिन्यातून एकच फोन करता येई.

"अप्पा, तुमच्या मण्याने कमाल केलीय. काल एका पोराच्या पोटातून लोखंड काढलं, आणि तो मला क्रिकेटचा स्कोर विचारत होता."

"तू कधी येतेस ते सांग."

"ठराव होऊ दे की. माझी खोली तेवढी रिकामी करा. तुमचे जुने अंक भरलेत ना तिथे?"

"नाही," रणपिसे म्हणाले, आणि फोन ठेवून अंक उचलायला लागले.

तुंगारे पुन्हा आले ते त्याच आठवड्यात, पेढे घेऊन. ते ठरावाविरुद्ध एक शब्द बोलले नाहीत.

"डॉक्टर, माझ्या मनाला एक गोष्ट लागून राहिली आहे. नऊ हजारांनीच का सोसायचं? जवान सगळ्यांचे. मग भार सगळ्यांनी उचलायला नको? पट्ट्या आम्ही फुकट देतो. तुमचं यंत्र पुरेल का, एवढं सांगा."

"पुरेल," रणपिसे लगेच म्हणाले. त्यांच्या डोळ्यांपुढे कळवळणारे नऊ हजार नव्हे, कोट्यवधी लोक उभे राहिले. नऊ हजारांनी ठराव आणला. कोट्यवधींनी तर सैन्य दुसऱ्या दिवशी जहाजात बसेल.

तुंगारे गेल्यावर इनामदारबाईंनी पेढा हातातच ठेवला. "रणपिसे, भाजक वाढवला की भाग लहान होतो. चौथीतलं आहे."

"लहान होईना. शून्य तर होत नाही? कोट्यवधी लोकांना थोडं थोडं कळलं तरी केवढं होईल!"

"थोडं थोडं म्हणजे किती, ते मोजलंय का आपण?"

"मोजू की. आधी ठराव होऊ दे."

बाईंनी पेढा खाल्ला आणि मोजणीचा विषय सोडला. त्यांचाही एक भाचा तार्वात होता.

पुढचं काम गल्लोगल्लीच्या मंडळांनी केलं. या लोकांना एखादी गोष्ट वर्गणीसारखी करून द्या, आणि मग बघा! टेबलं मांडली गेली, ध्वनिक्षेपक लागले, घरोघरी कार्यकर्ते फिरले. "काका, पट्टी बांधली का? समोरच्या इमारतीत सगळ्यांनी बांधली." कुठल्या मंडळाची नोंदणी जास्त यावर चुरस लागली. एका मंडळाने पट्टी बांधणाऱ्याला नारळ दिला, तर शेजारच्याने स्टीलचा डबा. आजोबांनी बांधली, नवरीने चुड्याच्या वर बांधली. नाही म्हणणाऱ्याला कुणी काही बोललं नाही, फक्त त्याच्याशी बोलणंच बंद केलं. आणि हे सगळं खऱ्या मायेने चाललं होतं. त्यात खोट काढायला जागा नव्हती. तीन कोटींच्या वर आकडा गेला.

पट्टीवर एक हिरवा ठिपका होता. वाटणी पोचली की तो लुकलुकायचा. लोक एकमेकांना मनगट दाखवत. "बघ, आत्ता आलं. आपण कुणाचं तरी दुःख घेतलं."

"दुखलं का रे?"

"छे! काहीच नाही. वाटून घेतलं की असंच होतं."

ठरावावरच्या चर्चेत एक वजनदार सदस्य उभे राहिले. त्यांनी बाही वर करून पट्टी दाखवली. सभागृहात बहुतेकांनी ती बांधलेली होती. "सन्माननीय सदस्यांना मी एकच विचारतो," ते म्हणाले. "गेल्या पंधरवड्यात आपल्यापैकी कुणाला काही दुखलं? नाही ना? जवानांनाही दुखत नाही. देशाने त्यांचं दुःख संपवलं आहे. मग दुखत कुणालाच नसेल तर घाईने माघार घेऊन नाचक्की का करून घ्यायची?"

बाकं वाजली. भूगोलाच्या बाईंना प्रेक्षकांच्या सज्जात बोलावलं होतं. त्यांनाही महिनाभरात काही जाणवलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. ठराव मोठ्या फरकाने पडला.

ठराव पडल्यावर मोहिमेची नवी चढाई सुरू झाली. आता आवरतं घ्यायचं कारण उरलं नव्हतं. चढाईच्या चौथ्या दिवशी रणपिसे प्रयोगशाळेत चहा पीत होते, तेव्हा मनगटावरचा ठिपका लुकलुकला. त्यांनी सवयीने तिकडे पाहिलं, आणि बशीतली बिस्किटं इनामदारबाईंकडे सरकवली.

शर्वाणीचा फोन त्यानंतर बऱ्याच दिवसांनी आला. आवाज बसलेला होता.

"अप्पा, रुग्णालयावर तोफगोळा पडला. माझा डावा पाय गुडघ्याखाली नाही."

रणपिसे यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मंगळवारी. चहाच्या वेळेला. तुमच्या पट्टीला काही कळलं?"

"ठिपका लुकलुकला होता," ते म्हणाले.

"दुखलं?"

"नाही गं."

"कुणालाच नाही?"

रणपिसे यांनी बाही खाली ओढून पट्टी झाकली.

"मला दुखलं, अप्पा. सगळं. औषध दिलं नाही, माझ्याही मानेत मणी आहे म्हणून. आमच्या पडद्यावर 'वाटप पूर्ण' दिसत होतं." "महिनाभर पोरं ओरडत होती. मी त्यांना सांगत होते, अरे, तीन कोटी लोक घेतायत तुझं दुखणं, ही नुसती भीती आहे. मी सांगत होते. मी!"

त्या दिवशी इनामदारबाईंनी राहून गेलेली मोजणी केली. फार वेळ लागला नाही. कागद त्यांनी रणपिसे यांच्यापुढे सरकवला, पण बोलल्या त्याच. "मेंदूला जाणवायला एक उंबरठा असतो. त्याच्याखाली आलेली वेदना कमी जाणवते असं नाही, जाणवतच नाही. जाणवली नाही तर मेंदू 'ऐकलं' म्हणत नाही. आपलं यंत्र संदेश पोचवल्याची नोंद करतं, ऐकल्याची नाही. तीन कोटी घरांत फोन वाजला आणि कुणीच उचलला नाही, रणपिसे. मग जखमेने फोन कुठे केला असेल?"

"तिच्या स्वतःच्या मेंदूला."

"हं. आणि तिथलं औषध आपणच बंद केलं होतं."

दोघे तुंगारे यांच्याकडे गेले. तुंगारे यांनी सगळं शांतपणे ऐकलं. रणपिसे यांच्या मुलीबद्दल ऐकून त्यांचे डोळे खरोखर भरून आले.

"उपाय सोपा आहे," रणपिसे म्हणाले. "माणसं कमी करा. पुन्हा नऊ हजारांवर आणा. त्यांना दुखेल, जवानांचं थांबेल."

"आणि उरलेल्या तीन कोटींना काय सांगू? तुमची माया पोचलीच नाही? डॉक्टर, लोकांनी देव्हाऱ्यासमोर बसून पट्ट्या बांधल्यात. कुणाची काढू, सांगा. कुठल्या मंडळाची?"

"मग निदान मणी बंद करून औषधं सुरू करा," बाई म्हणाल्या.

"तेही तेच झालं ना. मणी बंद म्हणजे वाटप बंद. वाटप बंद म्हणजे ठराव पुन्हा." त्यांनी नाही म्हटलं नाही. "समिती नेमतो. तुम्हीच अध्यक्ष व्हा."

रणपिसे वर्तमानपत्रांकडे गेले. एकाने छापलं, आतल्या पानावर. त्यांच्याच गल्लीतल्या मंडळाने निषेधाचा फलक लावला. 'जवानांचं दुःख वाटून घेऊ नका म्हणणारे हे कोण?' फलकाखालून येणारे-जाणारे ते वाचत आणि आपल्या मनगटाकडे बघत. ठिपका लुकलुकत असे.

शर्वाणी जहाजाने घरी आली. खोली रिकामी होती. मणी तिने स्वतःच, आरशासमोर बसून काढला.

एकंदरीत हिशेब असा झाला. मंडळांनी माणसं दिली, माणसांनी मनगटं दिली, सभागृहाने एकमुखाने धन्यवाद दिले. रणपिसे यांना मुलगी मिळाली, आणि तुंगारे यांना बढती. तीन कोटी लोकांनी मिळून जे भरलं ते शून्य होतं. वेदना भरली ती ज्यांची होती त्यांनीच, पै न पै, तार्वातल्या खाटांवर, दात आवळून. आणि देशाने आपलं दुखणं वाटून घेतलं म्हणून देशाचे आभारही त्यांनाच मानावे लागले.