ढगाची रुपेरी कड

शेवगावच्या अभ्यासिकेत त्या दिवशी वीज गेली आणि सगळी पोरं दारातल्या पायऱ्यांवर येऊन बसली. सुकन्याच्या हातात तलाठी भरतीची सराव प्रश्नपत्रिका होती आणि एका प्रश्नानं तिचं डोकं फिरवलं होतं. ‘एव्हरी क्लाउड हॅज अ सिल्व्हर लायनिंग’ – अर्थ निवडा. तिनं निवडला होता, ‘हाती आलेलं निसटणं’. बरोबर उत्तर होतं म्हणे, ‘संकटातही आशा असते’.

“माझं चुकलं कसं पण?” ती स्वतःशीच पुटपुटली.

शेजारच्या पायरीवर बसलेला पोरगा खुदकन हसला. “मी बी पैल्यांदा तेच लिवलं हुतं. ढगाला रुपेरी कड आली म्हंजी मागनं ऊन आलं. गेलाच की मग पाऊस.”

हा कल्याण. बोधेगावकडचा, बी. ए. झालेला, इंग्रजीत पक्का. त्यानं समजावलं, की इंग्रजांच्या मुलखात बारा महिने पाऊस, बिचारे वैतागलेले. त्यांना ढग म्हणजे संकट आणि ऊन म्हणजे आशा. आपलं सगळंच उलटं.

“म्हणजे त्यांची आशा ती आपली निराशा?”

“तुमची आशा कशात हाय... ते सांगा आधी.”

अगं बाई! सुकन्यानं डोळे प्रश्नपत्रिकेत घातले, पण एक अक्षर दिसेल तर शपथ.

मग काय, रोज डब्यातली शेंगदाण्याची चटणी त्याच्यापुढे सरकू लागली आणि तो तिला रोज पाच वाक्प्रचार शिकवू लागला. पाचवा शिकवायला त्याला हटकून उशीर व्हायचा.

भाद्रपद संपता संपता मात्र एक दिवस त्यानं मनातलं सांगितलं. त्याचं घर दर साली दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातं. तिथं माणसं मोजत नाहीत, जोड्या मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. गेल्या साली वडील वारले, जोडी मोडली. आता हस्त नक्षत्राचा पाऊस पडला तर ज्वारी पेरता येईल, कुणालाच जावं लागणार नाही. नाही पडला तर आईनं पलीकडच्या गावात त्याच्यासाठी मुलगी बघून ठेवली होती. मुहूर्त न बघता दसऱ्याआधी लग्न आणि तसंच थेट उसाच्या फडावर. आईच्या कमरेनं आता वाकवत नव्हतं, तिचं तरी काय चुकलं?

“जोडी लागती...” तो खाली बघत म्हणाला.

त्या दिवसापासून ती आभाळाकडे वेड्यासारखी बघू लागली. दुपारी ढग दाटायचे, हिचा जीव हरखायचा. तासाभरात मेली ती कड उजळायची आणि लख्ख ऊन. इंग्रजांना त्यात काय दिसतं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक! हस्त कोरडा गेला. दसऱ्याच्या चार दिवस आधी कल्याणची खुर्ची रिकामी दिसली, फोनही लागेना. हळद लागली असणार. सुकन्या त्या रात्री जेवली नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ऊसतोड टोळीच्या मुकादमाचा ट्रॅक्टर अभ्यासिकेपुढे थांबला. मागे ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळ्या, बायामाणसं. कल्याण उडी मारून उतरला. सुकन्याची नजर मात्र ट्रॉलीतल्या एकेका बाईच्या हातांत हिरवा चुडा शोधत होती.

“हुडकू नगं,” तो म्हणाला. “मी न्हाई म्हनलो. आई दोन दिस जेवली न्हाई... मंग म्हनली, चल, मीच येते. मी तोडीन, ती मोळ्या बांधंल.”

ट्रॉलीच्या कडेला त्याची आई, कडूबाई, कमरेला पट्टा आवळून बसली होती. तिनं सुकन्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. सुकन्याला तिथंच रडू फुटलं.

“मावशी, मला कल्याण हवाय. पण ऊस तोडता येत नाही मला.”

“तोडाया कोन बलावतंय तुला?” म्हातारी म्हणाली. “परीक्षा दे तुजी. अन् बापाला इचारून ठेव. माजी कंबर ह्यो हंगाम सरंल त्या फाल्गुनापस्तोरच टिकंल, त्याच्याम्होरं न्हाई.”

मुकादमानं हॉर्न वाजवला. कल्याण मागे वळून बघत ट्रॉलीत चढला. सुकन्या आत गेली नाही, डोळे पुसत तशीच बाबांच्या दुकानाकडे चालू लागली.