आप्पांचा माइक बंद आहे

त्या माणसाला मी आधी ऐकलं आणि मग पाहिलं.

गुरुवार होता. गुरुवारी आमच्या टॉवेलच्या कारखान्याला सुट्टी. माग बंद, कामगार घरी, आणि ऑफिसात मी एकटी, कारण माल पाठवणाऱ्या माणसाला सुट्टीची गरज नसते असं आमच्या मालकांचं ठाम मत आहे. एरवी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमच्या गल्लीत शेजारच्या खुर्चीशी बोलायचं तरी ओरडावं लागतं. त्या दुपारी मात्र पंख्याची करकरसुद्धा ऐकू येत होती. मी डबा उघडून कडक भाकरी मोडली, तेवढ्यात दारातून कुणीतरी म्हणालं,

"वायफायची तक्रार हितनंच आलीय का?"

भाकरी हातातच राहिली. हा आवाज मी रोज कानात घालून ऐकत होते. "डावीकडं हो… आरं डावीकडं, तुजं डावं कुटं गेलं?" असं आमच्या पोरांना हाकणारा तो हाच. वायरमन. मला वाटायचं, गेममधलं नाव आहे, उगाच घेतलं असेल. दारातला माणूस खरोखरच खांद्यावर केबलचं भेंडोळं घेऊन उभा होता.

आता आधी ग्रुपचं सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मोबाइलवर चौघांची टीम करून लढायचा एक गेम आहे. तो खेळणाऱ्या सोलापूरच्या पोरांसाठी मी डिस्कॉर्डवर एक ग्रुप काढला. तिथं लिहिता येतं, व्हॉइस रूममधे जाऊन एकमेकांशी बोलताही येतं. खातं वडिलांच्या, म्हणजे आमच्या आप्पांच्या मोबाइलवर उघडलं, म्हणून माझं नाव पडलं 'आप्पा'. पोरांना वाटलं, कुणी रिटायर माणूस आहे. ती 'अहो आप्पा' म्हणायला लागली आणि मीही कधी नाही म्हटलं नाही.

का म्हणू? त्याआधी एका दुसऱ्या ग्रुपमधे मी एकदाच माइकवर बोलले होते. "पुढं रस्ता मोकळा आहे, चला," एवढंच. चाललं कुणीच नाही. एकानं कॉलेज विचारलं, एकानं नंबर मागितला, एकानं गाणं म्हटलं. तेव्हापासून माइक बंद. आप्पा म्हणून मात्र चारशे पोरं माझं ऐकत होती. घरी अव्वा, म्हणजे आई, ऐकत नाही, कारखान्यात मालक ऐकत नाहीत. जगात माझं ऐकणारी ती एकच जागा होती, आणि ती मी कुणासाठीही सोडणार नव्हते.

वायरमन खुर्चीवर चढला, राउटर उघडला, फुंकर मारली. मग म्हणाला, "एक मिनिट हं मॅडम. आमच्या ग्रुपच्या आप्पांना एक मेसेज टाकतो, न्हायतर विसरंल." आणि मोबाइल तोंडापाशी धरून बोलायला लागला. "आप्पा, नमस्कार. ग्रुपचं जरा बोलायचं होतं."

माझ्या ड्रॉवरमधे मोबाइल थरथरला. मी गुडघ्यानं ड्रॉवर ढकलला.

"आप्पा, मेंबर चारशे हायत, पर खेळायला येत्यात नऊ. तुमी नियम लई केलेत." पुन्हा थरथर. मी खोकले.

"थंडी वाजतीय का?" त्यानं विचारलं. सोलापूर, एप्रिल महिना, दुपारचे दोन.

"धूळ आहे," मी म्हटलं.

"व्हय, धूळ लई हाय," तो म्हणाला आणि तिसरा मेसेज टाकला. वायफाय सुरू झालं. पावतीवर त्यानं नाव लिहिलं, राजशेखर. अक्षर बरं होतं. हसताना एक भुवई आधी वर जायची आणि मग तोंड हसायचं. माणूस वायफाय दुरुस्त करायला आला असताना एवढं बघायची गरज नव्हती, पण बघितलं.

संध्याकाळी मी त्याचे मेसेज ऐकले आणि माझं डोकंच फिरलं. रोज सात वाजता मॅच, आणि जो सलग तीन मॅच चुकवेल त्याला ग्रुपमधून बाहेर काढायचं, हा नियम माझा. राजशेखर म्हणत होता, "आप्पा, तुमी सोमलिंगला काढलं. त्याची दुसरी शिफ्ट होती हो. सात वाजता पोरगं मागावर उभं असतंय. खेळणार कसं?"

चूक दाखवणाऱ्याचा मला आधी राग येतो, चूक नंतर दिसते. मी त्याला लिहिलं, 'नियम सगळ्यांना सारखा.' आणि मग जेवायला बसल्यावर चूक दिसली. सोमलिंग आमच्याच कारखान्यात होता. त्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलते, हे ऑफिसात बसून मला माहीत नसणार तर कुणाला? निम्मी पोरं मागावरची. एक आठवडा ती यायची, दुसऱ्या आठवड्यात गायब व्हायची आणि तीन मॅच चुकल्या की मी त्यांना काढून टाकायची. मीच माझा ग्रुप रिकामा करत आले होते.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी नियम मोडीत काढला आणि वायरमनला लिहिलं, 'तुझं बरोबर होतं. आता काय करायचं ते सांग.'

कामाला माणूस चांगला निघाला. आम्ही मॅचच्या दोन वेळा केल्या, सकाळची एक आणि संध्याकाळची एक. ज्याची जशी शिफ्ट, तसं त्यानं यावं. नवा पोरगा आला की त्याला एक जुना सोबती द्यायचा, म्हणजे तो कोपऱ्यात गप्प बसून निघून जाणार नाही. अक्कलकोटकडची पोरं मराठीत बोलायला लाजायची, त्यांच्यासाठी कन्नडची वेगळी रूम केली. पहिल्याच संध्याकाळी तिथं एवढा कालवा झाला की मी कानातून हेडफोन काढले. सोमलिंगला मी स्वतः परत बोलावलं. खेळणारे नऊ होते ते चाळीस झाले.

इकडे कारखान्यातलं वायफाय मात्र काही केल्या सुधरेना. म्हणजे, राजशेखरच्या मते.

"परवाच बघून गेलात की," मी म्हटलं.

"परवाची रेंज परवा. आजची आज बघाय पाहिजे."

"आणि उद्याची?"

"तुमी म्हणाल तर उद्या येतो." भुवई वर.

"चहा पिऊन जा," मी म्हटलं, आणि माझ्या तोंडातून हे कसं निघालं याचा दिवसभर विचार केला. त्यानं चहा फुंकून फुंकून एवढा वेळ प्यायला की मालक दोनदा डोकावून गेले.

त्या आठवड्यात आप्पांना मेसेज आला. 'आप्पा, एक खाजगी विचारू? एक पोरगी हाय. टॉवेलच्या कारखान्यात. दानेश्वरी नाव. लई रागीट.'

मी मोबाइल पालथा ठेवला. पुन्हा उचलला. आप्पा म्हणून कडक लिहिलं, 'रागीट पोरीच्या नादी लागू नये.'

'पर हसली की बरं वाटतंय.'

'हसली कधी?' मी लिहिलं, आणि जीभ चावली.

'मंगळवारी. शिडी घसरली माझी तवा.'

खरंच हसले होते. मी लिहिलं, 'कामाकडे लक्ष दे.' पण तो मेसेज मी किती वेळा वाचला ते विचारू नका. एक सांगते, मला तो आवडला होता. सरळ सांगायचं तर फार आवडला होता. आणि त्याला जे आप्पा एवढे आवडत होते, ते मी आहे हे सांगायचं मला धैर्य नव्हतं. सांगितलं तर ग्रुप जाईल, आणि ग्रुपबरोबर तोही जाईल… दोन्ही एकाच दिवशी.

पण माणसं वाढली की प्रश्नही वाढतात. पोरं आपसात बोलायला लागली, 'आप्पा कधी बोलत का न्हाईत? खोटं खातं हाय का?' पुण्याच्या एका मोठ्या ग्रुपनं आमच्या चांगल्या खेळाडूंना बोलावणं धाडलं. शेवटी सोमलिंगनं लिहिलं, 'रविवारी पाच वाजता समद्यांनी व्हॉइस रूममधे यायचं. आप्पांनी बोलायचं. न्हाय बोलले तर आमी पुण्याच्या ग्रुपात जाणार.'

मी राजशेखरला विचारलं, आप्पा म्हणूनच. 'न बोलता भागवता येईल का?'

उत्तर आलं. 'भागंल की. तुमच्या वतीनं मी बोलतो, कायतरी कारण सांगतो. पर आप्पा, इतकं सगळं तुमी उभं केलं. लोकांना नियम नको, माणूस पाहिजे. बोलायचं का न्हाय, ते तुमी ठरवा. मी हाय.'

'मी हाय' वाचून मला रडू आलं. अव्वानं विचारलं, काय झालं. कांदा म्हटलं. कांदा कुठंच नव्हता.

रविवारी पाचला रूममधे साठ जण होते. मी ऑफिसातून लवकर निघून घराच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींच्या मागे बसले होते. राजशेखर म्हणाला, "समदे आले का? आप्पा, तुमचा माइक बंद हाय." नेहमीसारखंच म्हणाला, घाई न करता.

मी माइक सुरू केला. म्हटलं, "मी आप्पा बोलतेय. माझं नाव दानेश्वरी. हा ग्रुप मी काढलाय. आधी बोलले नाही, कारण पोरीचा आवाज ऐकला की पोरं खेळायचं सोडून देतात, हे मी बघितलंय. आता तुम्हाला पुण्याला जायचं तर जा. राहायचं असेल तर उद्या सकाळची मॅच आठला आहे, आणि उशीर केलेला मला चालत नाही."

चादर वाऱ्यानं तोंडावर आली ती मी बाजूला केली. निघून जायला बटणावर बोट ठेवलं होतं.

"म्हंजे आता आक्का म्हणायचं व्हय?" सोमलिंगनं विचारलं.

"आप्पाच म्हण," मी म्हटलं. "सवय झालीय."

"बरं. आप्पा, उद्या माजी पहिली शिफ्ट हाय. मी संध्याकाळी येतो."

एक जण नंबर मागायला लागला, त्याला बाकीच्यांनीच गप्प केलं. मग सगळे एकदम मॅचचं बोलायला लागले. कुणीही गेलं नाही. फक्त राजशेखर एक अक्षर बोलला नाही, आणि माझं सगळं लक्ष तिकडेच होतं.

सोमवारी तो कारखान्यात आला. माग सुरू होते, खटाखट खटाखट, टेबलावरचा ग्लाससुद्धा हलत होता. ना केबल, ना शिडी. नुसता आला आणि समोर उभा राहिला.

"रागावलात?" मी ओरडून विचारलं. "मी आप्पा आहे हे लपवलं म्हणून?"

"लपवलं कुटं?" तोही ओरडला. "पहिल्याच दिवशी मेसेज टाकला, तवा ड्रॉवर वाजला. परत टाकला, परत वाजला. तिसरा खात्रीसाठी टाकला."

म्हणजे रागीट पोरगी, शिडी, हसली की बरं वाटतं… ते सगळं यानं मलाच सांगितलं होतं. आणि सगळं माहीत असून माझं गुपित त्यानं माझ्याकडंच राहू दिलं होतं, मी स्वतः उघडेपर्यंत. माझे कान तापले.

"मग बोलला का नाहीत?"

"तुमचा माइक… तुमी सुरू करायचा. मी कोण सुरू करणार?"

मग तो पुढे आणखी काहीतरी बोलला. ओठ हलले, भुवई वर गेली, पण मागांच्या आवाजात मला एक शब्द कळला नाही. मी कानाला हात लावून मान हलवली. त्यानं मोबाइल काढला आणि काहीतरी लिहिलं.

माझा मोबाइल आज टेबलावर होता, उघड्यावर. तो वाजला.

'आप्पा, त्या रागीट पोरीला आज सुट्टी झाल्यावर चहाला विचारू का?'

मी त्याच्यासमोरच लिहिलं, 'विचार. पण तोंडानं.'

त्यानं वाचलं. टेबलाला वळसा घालून माझ्या कानापाशी वाकला. अंगाला तांब्याच्या तारेचा आणि साबणाचा वास होता. तो बोलला, आणि मागांच्या खटाखटीतही या वेळी मला प्रत्येक शब्द नीट ऐकू आला.

"व्हय," मी म्हटलं. "येते की."