डावीकडचा लाल ठिपका

"मोहरीची बाटली म्हणजे बेलाँजे आणि केचप म्हणजे स्टुअर्ट!" ओस्करने दोन्ही बाटल्या टेबलावर धाडकन शेजारी शेजारी आदळल्या. "ही जोडी बचावाला उभी केली ना, की डावीकडून माशीसुद्धा आत शिरणार नाही!"

"केचप वळेपर्यंत माशी म्हातारी होते," मायेली म्हणाली. "त्याच्या जोडीला पळणारा हवा. मिठाची डबी घे."

"कोवाल्स्की? तो पळतो गं, पण चकती नेऊन समोरच्याच्याच पायात ठेवतो! एवढी सेवा तर वेटरही करत नाही!"

"मग मिरपूड घ्या ना!" आठ वर्षांची लेम्पी खुर्चीवर उभी राहून ओरडली. "मिरपुडीला कुणीच खेळवत नाही!"

"मिरपुडीचा गुडघा दुखावलाय. खाली बस," ओस्कर आपल्या बहिणीवर खेकसला.

लेम्पी बसली. पॅनकेकचा मोठा तुकडा तोंडात कोंबून तिने टेबलावर नजर फिरवली आणि विचारलं, "आणि सिरपची बाटली? ती कुठे ठेवायची?"

सिरपची बाटली म्हणजे गोलकीपर, आणि गोलकीपर म्हणजे मायेलीचे पापा. सकाळपासून तिघांनी बचावाच्या सगळ्या जोड्या लावून पाहिल्या होत्या, पण त्या बाटलीला कुणी हात लावला नव्हता.

टॅमरॅक फॉल्समध्ये नाताळच्या सुट्टीत दुसरा विषयच नसतो. दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, सौनाच्या वाफेत घाम गाळतानाही माणसं एकच बोलत असतात, ऑटर्सचं काय होणार? ऑटर्स म्हणजे गावाचा आइस हॉकीचा, बर्फावर रबरी चकतीने खेळणारा संघ. पगारी खेळाडूंचा, पण मोठ्या शहरांनी टाकून दिलेल्यांचा. गेल्या हिवाळ्यात मायेलीच्या पापांनी, म्हणजे ल्यूक थेरियोने, या संघाचा गोल असा राखला होता, की बेकरीवाल्या बाईंनी त्याच्या नावाचा पाव काढला. या हिवाळ्यात गोलवर गोल होऊ लागले आणि तो पाव बंद झाला. गाव मोठं विसरभोळं असतं, निदान उपकारांच्या बाबतीत तरी.

मायेली बारा वर्षांची होती. पापांच्या खेळापायी तिने चार गावं बदलली होती. टॅमरॅक फॉल्स हे पाचवं, आणि दोन हिवाळे टिकलेलं पहिलंच. इथे तिला ओस्कर भेटला, लेम्पी भेटली, मुलींच्या संघात गोलकीपरची जागा मिळाली. आता कोच मॅकार्डलनी सांगून टाकलं होतं, "बचावाच्या सगळ्या जोड्या बदलून झाल्या. आता बदलायचा राहिलाय तो गोलकीपरच. आजच्या सामन्यानंतर ठरवतो." पापांना काढलं तर पुन्हा खोकी, पुन्हा गाडी, पुन्हा एखादी नवी शाळा. मायेलीने पॅनकेकची बशी बाजूला सारली.

आणखी एक गोष्ट होती, ती तिने ओस्करलाही सांगितली नव्हती. परवा तळघरात तिने पापांवर टेनिसचे चेंडू मारले, आणि त्यांनी एकूण एक झेलले. तरीही ते पायरीवर मटकन बसले. म्हणाले, "माझे डोळे गेले बहुतेक, मायू. चकती मला दिसते. मी बरोबर जागेवर असतो. आणि तरी ती माझ्या मागे गेलेली असते." इतका मोठा माणूस इतक्या बारीक आवाजात बोलताना तिने कधी ऐकला नव्हता.

त्या संध्याकाळचा सामना नेहमीसारखाच झाला. पहिल्या सत्रात ऑटर्सने दोन गोल खाल्ले. दुसऱ्या सत्रात बाजू बदलल्या आणि ऑटर्सने तीन गोल केले! गाव नाचलं! तिसऱ्या सत्रात बाजू पुन्हा बदलल्या आणि पापांच्या मागच्या जाळीत आणखी दोनदा चकती शिरली. डावीकडून मारलेली, दूरच्या खांबाला चाटून गेलेली. दर वेळी तशीच!

"घरी जा रे, आजोबा!" मागून कुणीतरी ओरडलं.

"थेरियो, चष्मा घे!"

कोच बाकावर हात आपटत होते. "दुसऱ्या सत्रापुरतेच जागे होता काय रे? पहिल्यात झोप, तिसऱ्यात दमणूक! ही काय हॉकी आहे?"

मायेलीने कानावरची टोपी आणखी खाली ओढली. तेवढ्यात लेम्पी रस्सा आणि चीज घातलेल्या बटाट्यांचा द्रोण सांभाळत, धापा टाकत आली.

"कॅन्टीन त्या टोकाला, आणि तू रोज मरत मरत या टोकाला का येतेस गं?" ओस्करने वैतागून विचारलं. "तिकडेच बस की!"

"तिकडे बसून काय बघू? भिंत?" लेम्पी फणकारली. "गोल सगळे इथेच होतात! आपले पण आणि त्यांचे पण!"

ओस्कर हसला. मायेली मात्र जागच्या जागी गोठली.

"लेम्पी, पुन्हा बोल."

"सगळे गोल इथेच होतात. मी कधीपासून सांगतेय, माझं कोण ऐकतंय!"

"ओस्कर!" मायेलीने त्याची बाही धरली. "आपण पहिल्या आणि तिसऱ्या सत्रात गोल खातो, तेव्हा पापा या जाळीत असतात. दुसऱ्या सत्रात आपण गोल करतो, तेव्हा या जाळीत त्यांचा गोलकीपर असतो! म्हणजे इथे जो उभा राहतो, तोच फसतो!"

"पण मग सरावात कसं कळलं नाही?"

"सराव कायम कॅन्टीनच्या टोकाला! कोचना कॉफी हाताशी लागते ना!"

दोघांनी काचेला नाक लावून ती जाळी न्याहाळली. जाळी जाळीसारखीच होती. बर्फ बर्फासारखा. काय चुकत होतं?

रात्रभर विचार करून सकाळी मायेलीने ओस्करला गाठलं. "गोलकीपर मागे वळून खांब बघत नाही. तो समोर बर्फावर रंगवलेले लाल ठिपके बघतो. चकती डाव्या ठिपक्यावर आली की अमुक जागी उभं राहायचं, हे पायांना पाठ असतं. मला पण पाठ आहे. पण समजा, ठिपकाच खोटं बोलत असेल तर?"

सकाळी रिंक गावकऱ्यांसाठी खुली होती. पण जाळ्यांभोवती नारिंगी शंकू लावलेले, आणि त्यांच्यावर पर्सी नावाचा पहारेकरी. त्याचा आवाज एवढा मोठा, की बर्फाला तडा जावा.

"शंकूच्या पलीकडे कुणी जायचं नाही! मुलांनी तर नाहीच नाही!"

"पर्सीकाका, फक्त एक मोजमाप..."

"मोजमाप गणिताच्या तासाला!"

तिघं बाकावर येऊन बसली. लेम्पीने खिशात हात घातला आणि आठवड्यापूर्वी पडलेला आपला दात बाहेर काढला. उशीखाली ठेवला की रात्री परी येऊन त्याचे पैसे ठेवते, पण तो तिने अजून ठेवला नव्हता. भाव वाढायची वाट बघत होती म्हणे.

"हा चालेल का?" तिने विचारलं.

दोन मिनिटांत रिंकच्या मध्यभागी आकांत उसळला. "माझा दाऽऽत! माझा दात पडला! त्यावरून कुणी जाऊ नका होऽऽ!" लेम्पीने असा टाहो फोडला, की बाया थांबल्या, आजोबा थांबले, कुणी गुडघ्यावर बसलं, कुणी हातमोजे काढून बर्फ चाचपू लागलं. पर्सी तर चक्क पोटावर आडवा झाला!

इकडे ओस्कर आणि मायेली आपल्या स्केटच्या लेस काढून एकमेकींना बांधत होती. सैल स्केट घालून, बदकासारखी फेंगडत ती शंकूंच्या पलीकडे गेली. मायेलीने लेसचं टोक गोलच्या मधोमध दाबून धरलं. ओस्करने ती उजव्या ठिपक्यापर्यंत ताणली आणि तिथे गाठ मारली.

"आता डावीकडे!"

लेस डावीकडे वळली. गाठ ठिपक्यावर यायला हवी होती. ती ठिपका ओलांडून पलीकडे गेली.

"ताण नीट!"

"ताणलीय! मायेली, हा ठिपका आत सरकलाय! चांगला हातभर मध्याकडे!"

मायेली ठिपक्याकडे आणि जाळीकडे बघत राहिली. तिथला हातभर म्हणजे गोलकीपरच्या अंगाशी चार बोटं. पाठ झालेल्या जागी उभं राहिलं, तर दूरच्या खांबाकडे चार बोटांची फट उघडी राहणार. आणि चकती तेवढीच रुंद असते. तिला आनंदाने ओरडावंसं वाटलं.

पण ओस्करचा चेहरा उतरला होता.

"ठिपके उक्की रंगवतो," तो म्हणाला.

उक्की म्हणजे त्याचे आजोबा. चाळीस वर्षं गावाचा बर्फ तेच तयार करत. पातळ पाणी सोडायचं, गोठवायचं, त्यावर रंग, त्यावर पुन्हा पाणी. त्यांच्या बर्फावर गावातली निम्मी माणसं पहिल्यांदा उभी राहिली होती.

"उक्कीचं नाव घेऊ नकोस, मायेली. त्याला दुसरं काही नाही. फक्त बर्फ आहे."

"आणि माझ्या पापांचं नाव गावभर झालंय ते? त्यांना दुसरं काय आहे रे?"

"आपण सांगू, ठिपका आपोआप सरकला."

"ठिपका काय मांजर आहे?"

दोघं एकमेकांकडे बघेनाशी झाली. एवढ्यात दात मुठीत घेऊन लेम्पी परतली, आणि तिच्या मागोमाग, आरडाओरडा ऐकून आलेले उक्की. लेम्पीच्या पोटात काही राहत नसे. "उक्की, तुझा ठिपका चुकलाय!" तिने सांगून टाकलं.

उक्की रागावले नाहीत. ते हसले. खिशातून त्यांनी आपली जुनी गाठींची दोरी काढली, कडेच्या फळीला लावली आणि ठिपक्यापर्यंत नेली. गाठ बरोबर लाल रंगावर! "हे बघा! दोरी चाळीस वर्षांत खोटं बोलली नाही."

"पण उक्की," मायेली हलकेच म्हणाली, "फळीपासून नको. जाळीपासून मोजा ना."

जाळीच्या खुंट्यांची भोकं खालच्या काँक्रीटमध्ये होती, रिंक बांधली तेव्हापासूनची. ती हलणं शक्य नव्हतं. उक्कींनी मोजलं. मग पुन्हा मोजलं. मग ते त्या कोपऱ्यातल्या नव्या फळीकडे गेले आणि तिच्या मागे वाकून पाहिलं. उन्हाळ्यात रिंकच्या व्यवस्थापकांनी तिथून पाण्याचा नवा नळ नेला होता, आणि नळाला जागा हवी म्हणून फळी हातभर आत घेतली होती. हातभराने काय होतंय, असं म्हणून कुणाला सांगितलंही नव्हतं. आणि उक्कींनी चाळीस वर्षांच्या सवयीने फळीपासूनच दोरी लावली होती.

ते बाकावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. "ल्यूकवर रोज ओरडताना मी ऐकत होतो," ते म्हणाले. "लोकांना. आजोबा, घरी जा म्हणत होते ते. त्यांनी मला म्हणायला हवं होतं."

ओस्कर त्यांना बिलगला. मग उक्की स्वतःच उठले. "चला, कोचकडे. माझ्या तोंडानेच सांगतो."

कोच मॅकार्डलनी सगळं ऐकलं. त्यांच्या मागच्या फळ्यावर बचावाच्या जोड्यांच्या नावांची चुंबकं होती, डावी-उजवी, पुन्हा पुन्हा हलवून कडा झिजलेली. त्यांच्या खाली गोलकीपरची दोन चुंबकं. मायेलीने ती वाचली. दोन्हींपैकी एकावरही थेरियो नव्हतं.

"सकाळीच निर्णय कळवला," कोच म्हणाले. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता. "नवा मुलगा बसमध्ये बसलाय. संघात दोनच गोलकीपर ठेवता येतात. मी... मला एक दिवस आधी कळलं असतं तर..."

"आम्हाला पण," मायेली म्हणाली.

ती दात शोधण्याच्या नाटकाची व्यवस्था करत होती, तेव्हा पापा घरी फोन कानाला लावून "बरं, बरं" म्हणत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि इथे तर चोरही कुणी नव्हता. एक नळ, एक फळी आणि एक कॉफीचा कप.

नव्या वर्षाच्या पहिल्या सामन्याआधी कोचनी माइकवरून सगळ्या गावाला खरं काय ते सांगितलं. व्यवस्थापकांनी माफी मागितली. "या तीन मुलांनी जे पाहिलं, ते आम्हा मोठ्यांपैकी एकालाही दिसलं नाही!" कोच म्हणाले, आणि अख्खी रिंक उभी राहून टाळ्या वाजवू लागली. पर्सीने लेम्पीला खांद्यावर घेतलं. बेकरीवाल्या बाईंनी थेरियो पाव पुन्हा काढला. बैल गेला आणि झोपा केला! "आजोबा, घरी जा" ओरडणारा माणूसच सगळ्यांत जोरात टाळ्या पिटत होता. मायेलीला त्या टाळ्यांचा इतका राग आला, की तिने दोन्ही हात खिशात घट्ट कोंबले.

पापांना दूरच्या एका गावाच्या संघाने घेतलं. निघायच्या दिवशी उक्कींनी रिंक लवकर उघडली. नवा ठिपका रंगवलेला होता, खुंट्यांपासून मोजून. पापा पूर्ण पोशाखात त्या जाळीत उभे राहिले आणि मायेलीने डाव्या ठिपक्यावर चकती ठेवली. तिने जीव खाऊन मारली. चकती दूरच्या खांबाकडे निघाली, आणि पापांच्या हातावर आपटून बाजूला पडली.

"पुन्हा!" पापा म्हणाले.

पुन्हा तेच. आणि पुन्हा. कितव्यांदा तरी पापांनी मुखवटा वर केला. त्यांचे डोळे भरले होते.

"दिसतंय गं मला, मायू," ते म्हणाले. "सगळं दिसतंय."

ती बर्फावरून धावत जाऊन त्यांना बिलगली आणि मोठ्याने रडली. तिला जिंकल्यासारखं काही वाटत नव्हतं.

गाडीत खोकी कोंबलेली होती. ओस्कर आणि लेम्पी फाटकाशी उभी होती. लेम्पीने आपला दात मायेलीच्या हातात ठेवला, "भाव वाढला की मला कळव" म्हणाली आणि ओस्करच्या मागे लपली. ओस्कर नुसता पाय आपटत राहिला, थंडी वाजत असल्यासारखा.

गाव मागे पडलं. दोन्हीकडे नुसतं पाइनचं जंगल आणि बर्फ. पापांनी विचारलं, "नव्या रिंकवर गेल्यावर आधी काय करायचं?"

"आधी ठिपके मोजायचे," मायेली म्हणाली. "खुंट्यांपासून."

दात ठेवायला तिने कोटाच्या खिशात हात घातला. आत लेसचा गुंता होता, अजून गाठींसकट. तिच्या दोन आणि ओस्करच्या दोन. ओस्करने आपल्या लेस परत मागितल्याच नव्हत्या. तिने गाठी सोडवायला घेतल्या, मग थांबली आणि गुंता तसाच खिशात ठेवून दिला.