चोराने ठेवलेला लॅपटॉप

"चोरी झालीय, पण गेलेलं काहीच नाही," टर्नर म्हणाला आणि आपण वेड्यासारखं काहीतरी बोललो असं वाटून त्याने मान खाली घातली.

बाईंनी चष्मा पुसला. विमा कंपनीत खोटे दावे उकरून काढण्यात त्यांची हयात गेली होती. आता त्या खाजगी तपास करत. शेजारी बसलेले मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक, हौसेने त्यांच्याबरोबर हिंडत आणि बहुतेक वेळा चुकत.

"सविस्तर सांगा."

टर्नर कारखान्यात लेथवर होता, म्हणून सगळे त्याला टर्नरच म्हणत. मुलगी आठवीत असताना त्याची बायको गेली. आधी तिच्या हातातून भांडी निसटायची, मग बोटंच वळेनाशी झाली, शेवटी ती अंथरुणाला खिळली. तेव्हापासून घरात तो, मुलगी आणि बायकोचा भाऊ. आता मुलीला इंजिनिअरिंगला मेकॅनिकल शाखा मिळाली होती आणि सुट्टी आली की बापलेक लॅपटॉपसाठी दुकानं पालथी घालत. यंत्राचं चित्र सगळ्या बाजूंनी फिरवून बघायचं तर वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं, मोठा स्क्रीन लागतो, हे त्याने विचारून विचारून शिकून घेतलं होतं. शेवटी एक दणकट, जड मशीन घरी आलं.

"काल धूळ पुसायला उचललं, तर हाताला हलकं लागलं. तसंच काळं, तीच कंपनी, तीच बॅग. पण आमचं नव्हे."

"मुलगी रोज वापरते ना? तिला फरक कळला नाही?"

"काही बोलली नाही. मीही विषय काढला नाही. तिचा जीव आहे हो त्यावर." टर्नरने आवाज खाली आणला. "मेव्हण्याचा संशय येतो मला."

टर्नरच्या घरी दार मुलीनेच उघडलं. तिने पाणी आणलं, एका वेळी एकच पेला, दोन्ही हातांत धरून. इतकी नम्र मुलं हल्ली कुठे दिसतात, असं मास्तरांच्या मनात आलं. भिंतीवर तिने पेन्सिलीने काढलेली यंत्रांच्या भागांची चित्रं होती. मास्तर त्यांच्यापुढे रेंगाळले.

"छायेच्या रेघा बघा, सगळ्या उजवीकडे झुकलेल्या. उजव्या हाताची पोर. काय हात आहे!"

मुलगी हसली, पण तिचं तोंड उतरलं.

लॅपटॉप टेबलावर होता, माउस त्याच्या डाव्या बाजूला. बाईंनी झाकण एका बोटाने उचललं, ते अलगद उघडलं. स्क्रीनच्या कोपऱ्यात माइकची खूण उमटली. मास्तर म्हणाले, "छान आहे," आणि ते दोन्ही शब्द समोर आपोआप टाइप झाले. मास्तर दचकून मागे सरले.

मामा स्वयंपाकघरात भांडी घासत होते.

"मी कशाला बदलू? मी पहिल्यापासून सांगत होतो, ते मशीन तिला झेपायचं नाही. शाखाही बदल म्हटलं, कॉम्प्युटरला जा. तिलाही तेच हवं होतं. दाजींनी ऐकलं नाही."

"का झेपायचं नाही?"

मामांनी नळ मोठा केला. "जड आहे, म्हणून."

दुकानदार तोंड उघडेना. गिऱ्हाइकाचं नाव सांगणार नाही म्हणाला. एवढंच कबूल केलं की बिल दाखवून मशीन रीतसर बदलून नेलं, आणि किंमत जवळपास तीच होती.

"निवडताना काय पाहिलं?"

"वजन. प्रत्येक मशीन उचलून पाहिलं. मग बटणं किती जोर लावून दाबावी लागतात ते. ग्राफिक्स कार्डाचं नावही काढलं नाही."

बाहेर पडताच मास्तर म्हणाले, "मेव्हणाच! मशीन विकून पैसे करायचे होते त्याला."

"पैसे कुठले, मास्तर? तेवढ्याच किमतीचं दुसरं ठेवलंय की. या चोराने काही लुबाडलं नाही. त्याने निवड केली, आणि फार विचारपूर्वक केली. कुणासाठी केली, एवढंच बघायचं." बाईंचा चेहरा काळवंडला होता.

संध्याकाळी सगळे पुढच्या खोलीत बसले. बाई मुलीकडे वळल्या.

"तू सांगतेस, की मी सांगू?"

मुलगी मांडीवरच्या हातांकडे बघत राहिली.

"हिने सांगायचं?" टर्नर म्हणाला. "हिचा काय संबंध?"

"मशीन हिनेच बदललं. रोज वापरणाऱ्याला फरक कळणार नाही, असं होईल का? पण हौस म्हणून नाही बदललं. वजनाला हलकं, झाकण एका बोटाने उघडणारं, बटणं मऊ. बोललेलं आपोआप टाइप होतं. असं मशीन कोण निवडेल? मास्तर म्हणाले, पोर उजव्या हाताची. मग माउस डावीकडे का? पाण्याचा एक पेला दोन्ही हातांनी का धरते? मेकॅनिकल सोडून कॉम्प्युटरला का जायचं म्हणते? आणि मामा ‘तिला झेपायचं नाही’ म्हणाले ते टोमणा म्हणून नाही. त्यांना माहीत होतं."

मास्तरांनी भिंतीवरच्या चित्रांकडे पाहिलं. हात किती सुंदर आहे, हे आपण सगळ्यांदेखत बोललो होतो.

टर्नरचे ओठ हलले. "भांडी निसटतात का गं हातातून?"

मुलीने मान हलवली. "मामा दवाखान्यात घेऊन गेला होता. रिपोर्ट आलाय. आईचंच आहे, बाबा."

मामा भिंतीला टेकले होते. "माझ्या बहिणीनंतर आता हिचंही मीच सांगायचं? जीभ रेटेना, दाजी."

"मला का नाही सांगितलंस?" टर्नरने मुलीला विचारलं.

"आई गेल्यापासून तुम्ही हसला नव्हता. त्या दुकानांतून फिरताना हसायला लागलात. त्या दुकानदाराशी भांडत होतात, मला डोळा मारत होतात. म्हटलं, कॉलेज सुरू होईपर्यंत तरी." तिचा आवाज फाटला. "ते मशीन मला उचलवत नव्हतं, बाबा. तुम्हाला कळणार नाही असं वाटलं."

टर्नर बाईंकडे वळला. त्याला राग धड येत नव्हता. "मी चोर शोधायला सांगितला होता. चोर असता तर किती बरं झालं असतं."

टर्नर मुलीजवळ जमिनीवर बसला आणि तिचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन एकेक बोट दाबून बघू लागला. "इथे कळतं? इथे?" ती हो म्हणत होती, मधेच नाही म्हणत होती आणि डाव्या हाताने त्याचे डोळे पुसत होती.

बाईंनी मास्तरांना खूण केली. दोघं आवाज न करता बाहेर पडले.

अर्धा जिना उतरले असतील तेवढ्यात वरून चपलांचा आवाज आला. टर्नर धावत खाली आला, कठड्याला धरून थांबला.

"मास्तर, तुमच्या गावभर ओळखी. कॉलेजच्या जवळ तळमजल्यावर जागा असेल तर बघाल का? लहान असली तरी चालेल."

"बघतो की. पण घाई काय आहे? ती चालते-फिरते आहे."

"हातानंतर पाय जातात," टर्नर म्हणाला. "तिच्या आईच्या वेळी मला माहीत नव्हतं. रोज उचलून वर आणायचो आणि ती रडायची."