कर्सर कोणी वळवला?

"सहा पानं गेली, अक्का! आणि माझ्या नणंदेनेच घालवली," अनुवादिकेने दार उघडता उघडताच सांगून टाकलं.

अक्का खाजगी तपासनीस. मागे वही सांभाळत तिचे यजमान. जन्मभर शाळेत शिकवलं म्हणून बायकोसुद्धा त्यांना मास्तरच म्हणायची. संगणक म्हणजे मास्तरांच्या डोक्याला ताप. पण आतल्या खोलीत नणंद बॅग भरतेय आणि संध्याकाळी घर सोडणार, एवढं त्यांना लगेच कळलं आणि फार वाईट वाटलं.

"काल सकाळपासून अक्षरं मागेपुढे पडत होती," मनगटाचा पट्टा आवळत अनुवादिका म्हणाली. "म्हटलं, दुखऱ्या हाताची चूक. सेव्ह करायला कंट्रोल-एस दाबत राहिले. दुपारी वीज गेली आणि सगळं गेलं. आपोआप सेव्ह होणं मीच बंद केलं होतं, संगणक अडखळतो म्हणून. रात्री बघितलं तर कंट्रोल-एसचा शॉर्टकटच कोणीतरी बदललेला, त्याने सेव्ह होतच नव्हतं. नवरा महिनाभर परगावी. मग शॉर्टकट बदलण्याइतकी अक्कल आणखी कोणाला आहे घरात?"

अक्काने शॉर्टकटची यादी उघडली. फक्त कर्सर हलवायची चार बटणं बदलली होती. कंट्रोलबरोबर ई दाबलं की वर, एक्स खाली, एस डावीकडे, डी उजवीकडे.

"चारही डाव्या हाताची!" मास्तर खूश झाले. "गुन्हेगार डावखुरा."

"अहो, जरा दम धरा."

नणंद प्रोग्रॅमर. ती धुसफुसत बोलत होती आणि लॅपटॉपवर दर ओळीनंतर कंट्रोल-एस दाबत होती. "वहिनीने एकदा विचारायचं तरी! सरळ चोर ठरवलं मला."

सासूबाई पुसलेलीच भांडी पुन्हा पुसत होत्या. "मला मेलीला काय कळतंय त्यातलं? आमच्या ऑफिसात काळा पडदा, हिरवी अक्षरं. माउस नाही, बाणांची बटणंही नाहीत. त्यावर पंधरा वर्षं पत्रं टाइप केली, झालं."

अक्काने सगळ्यांना संगणकापाशी बोलावलं.

"नणंदेला पानंच घालवायची असती, तर तिने सेव्ह तेवढं बंद केलं असतं. कर्सरची चार बटणं कशाला लावत बसेल? आणि चांगल्या मनाने बदललं असतं, तर एसला हात लावला नसता. तिचं बोट दिवसभर त्यावरच असतं. आता कीबोर्ड बघा. ई वरती, एक्स खाली, एस डावीकडे, डी उजवीकडे. बाणांची बटणं नव्हती, तेव्हा टायपिस्ट असाच कर्सर हलवायचे. सेव्ह करायची रीत निराळी होती. एसने सेव्ह होतं, हे बदलणाऱ्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्या काळात टायपिंग केलेलं इथे एकच माणूस आहे."

"पण कशासाठी?" मास्तरांनी विचारलं.

"मनगटासाठी." सासूबाईंचा बांध फुटला. "दर ओळीला हात उचलून बाणांकडे नेतेस आणि कळवळतेस. मला बघवेना गं. दोन दिवस मेनू धुंडाळला, तेव्हा सापडलं. काल सांगणारच होते, तेवढ्यात पानं गेली, तू भडकलीस, आणि माझी जीभच उचलेना. पोरीवर आळ येऊ दिला. चुकलंच माझं."

"आई, अहो..." अनुवादिका जवळ आली. तिने सासूबाईंचा हात घट्ट धरला. मग बॅगेपाशी उभ्या नणंदेकडे वळली. "चुकलं माझं, चिमे."

"चार माणसांत चोर म्हणालीस, वहिनी."

"मग चार माणसांतच माफी मागते. नको ना जाऊस."

नणंदेने डोळे पुसले आणि खुर्ची ओढली. "सरक. आईची बटणं राहू देत, सेव्हला मी दुसरं देते. मग तू पानं सांग, आई टाइप करेल."

सासूबाईंनी पदराला हात पुसले. "सावकाश सांग हं," त्या म्हणाल्या, "रडत रडत सांगितलंस तर मला ऐकू येत नाही."