मिस ऑल्डरसनचा समतोल

गुरुवारी दुपारी मुलं घरी गेली आणि हेझल ऑल्डरसनच्या वर्गाच्या दारात एक उंच माणूस येऊन उभा राहिला. कोट पावसानं निथळत होता, बूट चिखलानं माखलेले. व्यवस्थापन मंडळाचं कुणीतरी आज अभ्यासक्रम बघायला येणार, असं मुख्याध्यापिका मिसेस डिन्सडेलनी सकाळीच बजावलं होतं.

"या ना, तुमचीच वाट बघत होते," हेझल म्हणाली. "खुर्च्या तेवढ्या पाच वर्षांच्या मापाच्या आहेत, सांभाळून बसा."

तो बसला. गुडघे जवळजवळ हनुवटीला टेकले.

थॉर्नबेकच्या या शाळेत चार ते सात वर्षांची मुलं. तीन वर्षांत त्यांना काय काय शिकवायचं, याची आखणी हेझलच्या गळ्यात पडली होती. अभ्यासक्रम व्यापक आणि समतोल हवा, हा सरकारी नियम. तर गेल्या वर्षी मुलं वाचनात मागे पडली, म्हणून सकाळ-दुपार वाचन आणि बेरजाच हव्यात, हा डिन्सडेलबाईंचा हट्ट. हेझलनं तक्त्यात चित्रकला, संगीत, बागकाम, इतिहास... सगळं कोंबून बसवलं होतं. खोडून खोडून कागदाला भोक पडायचं बाकी होतं.

ती चाळीस मिनिटं बोलत होती. तो ऐकत होता, मधेच एखादं विचारत होता.

"इतिहासात लंडनची मोठी आग आहे इथं. आपल्या गावचा पूर नाही?"

हेझल थबकली. "पुराचं... सुचलंच नाही."

"आणि मंगळवारची दुपार इतकी गच्च का? पोट भरल्यावर कोकरंसुद्धा तासभर लोळतात."

मंडळातल्या माणसानं इतके नेमके प्रश्न विचारलेले तिनं आजवर ऐकले नव्हते. शेवटी तिनंच विचारलं, "मग मंडळाला काय सांगाल?"

"कुठल्या मंडळाला?" तो गोंधळला. "मी तुमच्या वर्गातल्या गिनीपिगचे दात कापायला आलोय. इवान मेटकाफ. जनावरांचा डॉक्टर."

हेझलच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "मग आधी का नाही बोललात?"

"तुम्ही बोलू दिलंत कुठं?" मग बुटांकडे बघत तो म्हणाला, "आणि... ऐकत राहावंसं वाटलं."

मंडळात एक जागा बरेच दिवस रिकामी होती. महिन्याभरात कळलं, ती डॉक्टर मेटकाफनं भरली. वर अभ्यासक्रमाची जबाबदारीही मागून घेतली. तेव्हापासून दर गुरुवारी तो यायचा, वही उघडायचा, तक्त्यासमोर उभा राहायचा.

हेझलच्या डोक्याचा भुगा झाला तो इथूनच. हा बघतो ते तक्त्याकडे की... तक्त्याजवळ उभ्या असलेल्या माणसाकडे? "छान जमलंय" म्हणतो ते कशाला? एकदा तो म्हणाला, "गालावर निळा रंग लागलाय." "कुठं?" त्याचा हात वर आला, मधेच अडला आणि त्यानं स्वतःच्याच गालावर बोट ठेवून दाखवलं. त्या रात्री हेझलला कितीतरी वेळ आपलाच गाल परका वाटत होता.

पुढच्या खेपेला त्यानं नव्या आखणीवर बोट ठेवलं. "या आठवड्यात दोन गुरुवार आहेत."

"अं... चूक झाली. एक खोडते."

"राहू द्या की," तो हळूच म्हणाला.

आणि त्यानंतर तो आलाच नाही. एक गुरुवार गेला, दुसराही गेला. निरोप नाही, काही नाही. हेझलनं त्याच्या सांगण्यावरून पुराचा धडा घेतला, तो इतका रंगला की कुणालातरी सांगावं असं तिला फार वाटलं. पण ते कुणीतरी म्हणजे नेमकं कोण, हे कळल्यावर ती स्वतःवरच चिडली.

आखणी मंजुरीला आली त्या संध्याकाळी, पाच वाजता, मंडळाचे नऊ सभासद चहाचे कप घेऊन बसले. चार हेझलच्या बाजूनं, चार डिन्सडेलबाईंच्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नववं मत इवानचं. तो समोरच बसला होता. तिच्याकडे बघतसुद्धा नव्हता.

अध्यक्ष मिस्टर किलबर्ननी नेहमीचं वाक्य एका सुरात वाचलं. "आजच्या विषयांत कुणाचा हितसंबंध असेल तर आत्ताच सांगावं." कुणी सांगत नसतंच. ते पान उलटणार, तोच इवानचा हात वर गेला.

"विषय चौथा. अभ्यासक्रम."

"तुमचं काय त्यात? पाठ्यपुस्तकं विकायला लागलात की काय?"

"नाही. हित असं काही नाही. आणि संबंध... आहे का, ते मलाही नीट माहीत नाही. व्हावा अशी इच्छा आहे. मिस ऑल्डरसनशी."

चहात फिरणारा चमचा थांबला. डिन्सडेलबाईंनी चष्मा काढून पुसला.

"मग तुम्हाला बाहेर थांबावं लागेल. मतही देता येणार नाही," किलबर्न म्हणाले.

"माहीत आहे. म्हणून तर दोन आठवडे फिरकलो नाही." तो उठला आणि दार ओढून निघून गेला.

आपलं मत गेलं, हा हेझलच्या मनात आलेला पहिला विचार. दुसरा विचारच नव्हता, ती नुसतीच टिपणं चाळत राहिली. चौथा विषय आला तेव्हा टिपणाची पानं उलटीसुलटी झालेली. तिनं ती बाजूला ठेवली आणि पुराच्या धड्याचं सांगितलं. नाव लिहायलाही कुरकुरणाऱ्या एका सहा वर्षांच्या मुलानं, आजोबांचा सोफा खिडकीतून वाहत गेला, यावर चार ओळी लिहिल्या होत्या. त्या तिनं वाचून दाखवल्या. "वाचन-लेखन हवंच, बाई. पण मुलांना लिहायला काहीतरी द्यायला नको?"

ती बाहेर आली तेव्हा मुलांच्या कोटांच्या खुंट्यांखाली, बुटक्या बाकावर इवान बसला होता.

"काय झालं?"

"पाचास तीन. किलबर्न फिरले. मंगळवारचं संगीत गेलं, बाकी राहिलं."

"मी आत असतो तर संगीतही वाचलं असतं. रागावलात?"

"खूप," हेझल म्हणाली आणि त्याच्या शेजारी बसली. "विचारायचंच होतं तर आधी मला विचारायचं. गावाला कशाला?"

"तुम्हाला विचारायची हिंमत नव्हती. गावाला सांगणं सोपं वाटलं..." तो खाली बघत राहिला. "इतिवृत्तात काय लिहिलं?"

"'श्री. मेटकाफ यांचा मिस ऑल्डरसन यांच्याशी संभाव्य संबंध. नोंद घेतली.'"

"संभाव्य?"

बाहेर पाऊस लागला होता. हेझलनं त्याच्या गार हातावर आपला हात ठेवला.

"पुढच्या बैठकीत इतिवृत्त वाचतील, इवान. तेव्हा दुरुस्ती सुचवता येते. तो एक शब्द काढायला सांग."